दारावरची खूण

माझं अक्षर लहानपणापासून वळणदार होतं, आणि त्या अक्षराचा मी सगळ्यात आधी काय उपयोग केला असेल तर फसवणूक. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याबद्दल उगाच चांगलं मत करून घेणार नाही. सुरतेच्या बमरोलीत आमची पत्र्याची लाइन होती. एका बाजूला चौदा खोल्या, समोर चौदा, मधून उघडं गटार, आणि लाइन संपते तिथं लूमचं, म्हणजे यंत्रमागांचं खातं. त्या संच्यांची खटखट दिवसभर इतकी चालायची की वीज गेली की आम्ही दचकून वर बघायचो. दर दोन-तीन महिन्यांनी मलेरियाचे फवारणीवाले पाठीवर पंप घेऊन यायचे. भिंतीवर मारतो म्हणायचे आणि गाद्यांवर, हंड्यांवर, वाळत घातलेल्या कुरडयांवर पांढरं उग्र पाणी मारून जायचे. झालं की दारावर खडूनं खूण करायचे: एक गोल, त्यात गुजराती अक्षर, खाली तारीख आणि एक झोकदार सही. खूण असलेलं दार दुसऱ्या दिवशीची टोळी सोडून पुढं जायची. एवढं कळल्यावर आमच्या लाइनीतल्या बायका काय स्वस्थ बसतात? मी गुजराती शाळेत जात होते, दप्तरात खडू असायचाच. "मंगे, आमना दारवर बी काढी दे वं," अशा हाका यायच्या, आणि मी गोल, अक्षर, तारीख, सही सगळं असं हुबेहूब काढायची की एकदा खुद्द सहीवाला माणूस आमच्या दारापुढं थांबला, आपलीच सही निरखून बघितली, मान डोलावली आणि पुढं गेला. बायका तोंडात पदर कोंबून हसल्या. मी महिनाभर मिरवत होते.

आम्ही दोंडाईच्याकडचे. आबा संचे चालवायचे, माय घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची. घरभर रंगीत धागे. पोळीत धागा, केसांत धागा, आबांच्या दाढीत धागा. घरात अहिराणी, शाळेत गुजराती, दुकानात हिंदी, असं आमचं चालायचं. कळण्याची भाकरी आणि खलबत्त्यात कुटलेला मिरचीचा ठेचा हा रोजचा बेत, आणि श्रावणात कानबाई देवी बसली की नैवेद्याचे रोट. त्या रोटाचं एक कडक आहे, भाऊबंदांच्या बाहेर कुणाला त्यातला कणभरही द्यायचा नाही. म्हणून माय त्या दिवशी मुद्दाम वेगळी कणीक मळून चार पुऱ्या तळायची आणि शेजारी सगुणामावशीकडे माझ्या हाती पाठवायची. "तिले वाईट वाटाले नको," म्हणायची. मायचं हे असं होतं. कुणाला वाईट वाटू नये म्हणून ती विझलेली चूल पुन्हा पेटवेल.

सगुणामावशी जालन्याकडची, ख्रिस्ती. नवरा खात्यात मुकादम होता. तो वारल्यावर ती एकटीच राहिली, बॉबिन भरून दिवस काढायची. आमच्या आणि तिच्या खोलीच्या मधे एकच पत्रा. ती तिकडे शिंकली की माय इकडून "माय वं" म्हणायची. मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता आणि तिला रोज दुपारी शास्त्र वाचल्याशिवाय चैन पडायची नाही. शास्त्र म्हणजे बायबल, काळ्या पुठ्ठ्याचा, कडा झिजलेला जाडजूड ग्रंथ. एका दुपारी मला ओट्यावरून हाक मारली, "मंगल, तुला मराठी वाचता येतं का गं? हिंदी येतंय ना, मग अक्षरं तीच हायेत. ये बस." मला वाटलं, चहा-खारी मिळेल, जाऊ. मराठी वाचायला मी त्या ग्रंथावर शिकले, हे आज सांगितलं तर लोकांना नवल वाटतं. मायला विचारलं तर ती धागा कापता कापता म्हणाली, "वाच ना. देवनं नाव से. आपलं काय जास?"

मावशी ऐकायची ती डोळे मिटून, हातांनी गुडघे चोळत. पानभर झालं की मला थांबवायची आणि दरवेळी एकच विचारायची, "आता सांग, ह्यातला आपल्या लाइनीतला कोण?" सुरुवातीला मला हसू यायचं. कुठला तो मिसर देश, कुठली ती माणसं, त्यांची आडनावंसुद्धा नाहीत, आणि ही त्यांना बमरोलीत शोधायली! पण ती सोडायची नाही. माशाच्या पोटात गेलेला योना कोण, तर देवानं सांगितलेलं टाळून उलट्या गाडीत बसणारा प्रत्येक जण, "तुझ्या आबासारखा, जो आजारी भावाला भेटायला जातो म्हणतो अन् दर रविवारी पत्ते खेळतो." पाहुणा आला असताना चुलीपाशी धुसफुसणारी मार्था कोण, तर माझी माय. ते मी मायला सांगितलं तर ती रागावली आणि मग स्वतःच खूप हसली. पीठ संपत आलेल्या मडक्यातून परक्या माणसाला भाकरी करून देणारी विधवा कोण, हे मात्र मावशीनं विचारलं नाही. मीच म्हणाले, "तुम्हीच की." ती म्हणाली, "नाही गं बाई. माझं मडकं संपत आलं की मी झाकण घट्ट लावते. खोटं कशाला बोलू." अशी होती ती. माझ्याकडून कौतुक घ्यायलाही तयार नाही.

मग एका वर्षी प्लेगची साथ आली. त्याच्या आदल्या दिवशी आम्ही मोशेच्या गोष्टीत होतो. मिसरच्या राजाच्या वेठीला धरलेले लोक, त्यांना तिथून निघायचंय, आणि निघायच्या आधी घरोघर मरण फिरणार आहे. ज्यांच्या दाराच्या चौकटीवर कोकराच्या रक्ताची खूण असेल ते घर मरण ओलांडून जाईल. मला अर्थातच फवारणीवाले आठवले आणि मी फिसकन हसले. मावशी हसली नाही. तिला त्यातली दुसरीच एक बारीक गोष्ट आवडली होती, आणि ती तिनं मला दोनदा वाचायला लावली. घरोघर कोकरू कापून खायचं आहे, पण एखादं घर लहान असेल, माणसं थोडी असतील, तर त्यांनी आणि लागून राहणाऱ्या शेजाऱ्यांनी मिळून खावं, असं त्यात आहे. "बघ," मावशी पत्र्यावर बोट वाजवत म्हणाली, "एकट्या बाईचं घर म्हणजे लहानच की. देवानं माझी सोय करून ठेवलीय." पलीकडून माय म्हणाली, "काय व्हयनं?" मावशी म्हणाली, "काही नाही बाई, तुमच्यात जेवायला येणारंय!" आम्ही तिघी हसलो. मावशीनं पानात जरीचा एक धागा खुणेला घातला आणि म्हणाली, पुढचं उद्या.

गणपती उठून दोनच दिवस झाले असतील. प्लेग आलाय, अशी बातमी आधी खात्यात आली, मग पाण्याच्या नळावर, आणि दुपारपर्यंत सगळी लाइन तोंडाला रुमाल बांधून बसली. वीज असूनही पहिल्यांदाच संचे बंद पडले. ती शांतता मला अजून आठवते, कानात कापूस घातल्यासारखी. जो तो बोचकी बांधायला लागला. आबा उधना स्टेशनवर जाऊन आले, घामानं निथळत म्हणाले, "उद्या दुपारनी गाडी. लटकीसन जाऊ, पण जाऊ." त्याच संध्याकाळी मावशीला ताप भरला; बांधाबांधीच्या गडबडीत ते फक्त मला कळलं. थंडी वाजून, दात वाजवत येणारा ताप. आमच्या लाइनीत हा ताप वर्षाला निम्म्या घरांत यायचा, कुणी त्याचं विशेष मानायचं नाही. पण आता ताप या शब्दालाच माणसं घाबरायला लागली होती. ज्या लाइनीत तापाचा माणूस सापडेल ती लाइन दोरी लावून बंद करतात, सगळ्यांना आत कोंडतात, असं नळावर बोलत होते. खरं की खोटं, कुणास ठाऊक. सकाळी मी मावशीला पाणी दिलं. ती गोधडीत तोंड खुपसून म्हणाली, "मंगल, दवाखान्याची माणसं घरोघर फिरायलीत म्हणे. आली की मला सांग गं. मला उठवत नाही. गोळी तरी घेईन." मी हो म्हणाले.

ती आली. तोंडाला फडकी बांधलेली चार माणसं, समोरच्या ओळीत. प्रत्येक दारात विचारत होती, कुणाला ताप आहे का, कॅप्सूल देत होती, आणि दारावर खडूनं खूण करत होती. तीच, गोल, अक्षर, तारीख. मला कुणी काही सांगितलं नाही. माय आत कणीक मळत होती, आबा दोऱ्या आवळत होते. जे केलं ते माझ्या एकटीच्या डोक्यातून निघालं. मी दप्तरातला खडू काढला, मावशीचं दार हळूच ओढून घेतलं आणि त्यावर खूण काढली. हात जरासुद्धा हलला नाही. आणि काढताना, देवाशप्पथ, मला मोशेचीच गोष्ट आठवत होती. मी मनाशी म्हणत होते, खूण असलेलं दार वाचतं. स्वतःला फसवायलाही माझं अक्षर चांगलंच होतं म्हणायचं! त्या गोष्टीत मरण ओलांडून जातं. इथं औषध ओलांडून जाणार होतं, आणि हे सोळा वर्षांच्या घोडीला कळत नव्हतं असं नाही. ती माणसं आमच्या ओळीत आली. आम्हाला कॅप्सूल दिल्या. एकानं मावशीच्या दाराकडे बोट केलं, "अहीं?" मी म्हणाले, "थई गयुं. ए तो गाम गयां छे." झालंय, आणि ती गावाला गेली. त्यानं खूण बघितली आणि तो पुढं गेला.

निघताना मायनं दोन गरम भाकरी फडक्यात घेतल्या आणि म्हणाली, "सगुणाबाईले दी येस." माय आत गेली असती तर तिनं ताप बघितला असता, आणि ताप बघितल्यावर माझी माय कोणत्याही गाडीत बसली नसती. आबांनी डोकं आपटलं असतं तरी बसली नसती. मी म्हणाले, "माय, ती ते सकाळमाच चालनी गयी गावले." मायनं मावशीच्या दारापाशी थांबून त्या बंद दाराकडे पाहिलं. "सांगं बी नही?" एवढंच म्हणाली आणि भाकरी पुन्हा बोचक्यात ठेवल्या. आबा ओरडत होते, गाडी चुकी जाई. मळलेली कणीक तशीच परातीसकट लुगड्यात बांधून तिनं खांद्यावर घेतली आणि आम्ही निघालो. गाडीत नंदुरबारपर्यंत एका पायावर उभे होतो. गावात पोचलो तर गावकऱ्यांनी वेशीवरच अडवलं. सुरतेहून आलेले, रोग आणला असेल, गावात येऊ नका. खळ्यावर राहा. चार दिवस आम्ही खळ्यात राहिलो, आणि आबांचा सख्खा भाऊ लांबून पाण्याची घागर ठेवून, आम्ही घ्यायच्या आत पाठ फिरवून जायचा. आंबून गेलेल्या त्या कणकेच्या मायनं दगडावर पोळ्या भाजल्या. मला एक घास गिळेना. माय समजली की मला काकाचं वाईट वाटलंय. तिनं मला जवळ घेतलं, आणि मी घेऊ दिलं.

तीन आठवड्यांनी परतलो. दारावरची खूण जशीच्या तशी होती, आणि उंबऱ्यावर बसून मावशी तांदूळ निवडत होती. अर्धी झाली होती, गळ्याची हाडं दिसत होती. माय "तू कधी उनी?" म्हणत धावली. मावशी म्हणाली, "मी कुठं गेले होते?" मायनं कपाळावर हात मारला, "माय वं! मंगी बोलनी तू गावले गयी!" मावशीनं मान माझ्या दिशेनं वळवली. तिला तेव्हा दिसत काहीच नसावं, नुसता आकार. म्हणाली, "पोरीला वाटलं असेल तसं." समोरच्या ओळीतला ओडिया कारागीर गावी गेला नव्हता. त्याला तिसऱ्या दिवशी तिचं कण्हणं ऐकू आलं. त्यानं पेज पाजली, कुठूनशा हिवतापाच्या गोळ्या आणल्या. दोन दिवस ती पाण्यावाचून पडून होती. मी हे सगळं उभी राहून ऐकलं आणि घरात जाऊन धागे गोळा करत बसले.

तेव्हाच बोलले असते तर? माझी मुलगी ही गोष्ट ऐकून हेच विचारते. आज सुरतेतच कोसाडच्या आमच्या घरात मावशीचं तेच काळं शास्त्र माझ्या देवघराशेजारी फळीवर आहे. दुपारी उघडलं की ती कुरकुरते, "मम्मी, फरी ए ज वात?" पुन्हा तेच. हो बाई, पुन्हा तेच. मी कानबाई बसवते, मी काही धर्म बदलला नाही, पण लाज वाटायला मला त्या ग्रंथानं शिकवलं, आणि ती विद्या काही विसरता येत नाही.

पुढच्या रविवारी मावशी म्हणाली, मला प्रार्थनेला घेऊन चल. बमरोलीतच एका खोलीत दहा-पंधरा मराठी ख्रिस्ती माणसं जमायची. तिचा हात धरून नेलं. गाणी झाली, मग कुणाला साक्ष द्यायची आहे का, असं विचारलं. साक्ष म्हणजे देवानं आपलं काय भलं केलं ते उठून सांगायचं. मावशी उठली, मलाही दंडाला धरून उठवलं. म्हणाली, "ही माझी शेजारीण. हिंदू पोर हाय. साथीत सगळी पळाली, मी तापानं फणफणले होते. ह्या पोरीनं माझ्या दारावर खूण केली. दवाखान्याचे गाडीवाले मला उचलून त्या रोग्यांत टाकायचे, ते मला ओलांडून गेले. म्हणून मी जिवंत हाय." सगळी खोली एकदम देवाचा जयजयकार करून उठली. एका म्हातारीनं माझे हात डोळ्यांना लावले. कुणी माझ्या हातात शिऱ्याची वाटी दिली, आणि मी तो शिरा खाल्ला. सगळा खाल्ला. त्या वाटीची आठवण झाली की अजून माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात.

असं एकदा नाही झालं. नाताळात झालं, ईस्टरला झालं, नवे पाहुणे आले की झालं. दरवेळी ती मला दंडाला धरून उठवायची, आणि सांगून झालं की क्षणभर थांबायची, मग बसायची. दुपारचं वाचन चालू होतं, पण मोशेच्या त्या पानावर जरीचा धागा तसाच होता. "ते नको, दुसरीकडचं काढ," म्हणायची. दिवाळीला लाइनीतल्या सगळ्यांनी दारं रंगवली, तिनं रंगवलं नाही. खूण राहू दे म्हणाली. पावसानं पुसट झाली, तरी मला ती रोज दिसायची. शाळेच्या वाटेवर, पाण्याच्या वाटेवर. फवारणीवाले आले की बायका मला हाका मारायच्या आणि मी डोकं दुखतंय सांगायची.

तीन वर्षं गेली. माझं लग्न ठरलं, हळदीला चार दिवस होते. दुपारी मी मावशीकडे गेले, ती पाय पसरून बसली होती. मी म्हणाले, "मावशी, ती खूण मी तुम्हाला वाचवायला नव्हती काढली. आम्हाला कोंडतील म्हणून काढली. तुम्ही घरात नाही असं मी त्या माणसाला सांगितलं." सांगताना मी रडेन असं वाटलं होतं. रडू आलं नाही.

मावशी गुडघे चोळत राहिली. म्हणाली, "ठाऊक हाय. पत्रा केवढा जाड असतो? खडूचा आवाजसुद्धा ऐकला मी. हाक मारायला आवाज फुटेना."

"मग साक्ष कशाला द्यायचात?"

"तू बोलावंस म्हणून. दरवेळी तुला उभी करायले, दरवेळी थांबायले. तू खाली बघायलीस." मग म्हणाली, "पहिल्या दोन दिवसांत तुला इतके शाप दिले ना मंगल, की देवाला कान बंद करावे लागले असतील. ताप उतरल्यावर म्हटलं, आता ही खूण कशी वाचायची ते आपल्यावर हाय. मला ती वाचवणारी खूण म्हणून वाचायची होती. बोलायला तीन वर्षं लागली तुला."

तिनं हातानं चाचपून शास्त्र पुढं ढकललं. "धागा हाय तिथून वाच. राहिलंय ते."

मी पान उघडलं. मरण घरं ओलांडून गेलं, आणि राजानं लोकांना निघा म्हणून सांगितलं. घाई इतकी झाली की कणीक फुगायलाही वेळ मिळाला नाही. तशीच परातींसकट कपड्यांत बांधून त्यांनी खांद्यांवर घेतली आणि ते निघाले. तिथं मी थांबले. मावशी नेहमीचा प्रश्न विचारेल म्हणून मी वाट बघत होते, ह्यातला आपल्या लाइनीतला कोण. तिनं तो विचारला नाही.

"तुझी आई भाकरी घेऊन दारापर्यंत आली होती," ती म्हणाली. "वास आला मला. मी मनात म्हटलं, निदान भाकर तरी ठेवू देईल पोरगी."

मग तिनं डोळे मिटले. "वाच पुढं. थांबू नको."